१:७२ मिग-२१ : जोडणी आणि रंगकाम कोणत्या क्रमाने करावं

प्लास्टिकच्या किटमधून नव्याने मॉडेल करणाऱ्यांची विमानं मी बघतो तेव्हा बहुतेकांचा हात चांगला असतो, चुकलेला असतो तो क्रम. चाकं लावून झाल्यावर प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारलेला असतो. बंद धडात बारीक ब्रश घालून कॉकपिट रंगवायची धडपड चाललेली असते. मॅट रंगावर थेट डेकल (पाण्यात भिजवून लावायची छापील खूण) चिकटवल्यामुळे त्याच्या कडेने चंदेरी झाक आलेली असते. किटमधलं सूचनापत्रक कुठला भाग कुठे बसतो ते नीट सांगतं. रंग कधी द्यायचा, किती थांबायचं, कुठला भाग शेवटपर्यंत डबीत ठेवायचा याबद्दल मात्र ते जवळजवळ गप्प असतं. म्हणून त्या पत्रकावर आपला क्रम आपणच पेन्सिलीने लिहून घ्यायचा. तो कसा लिहायचा, हे इथे टप्प्याटप्प्याने देतोय.

उदाहरण भारतीय हवाई दलाच्या खुणांमधल्या मिग-२१ चं घेतलंय. याचे एफएल, एम आणि बिस हे प्रकार नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात बांधले गेले, त्यामुळे आपल्याकडे अनेकांना पहिलं जेट हेच करायचं असतं. शिकायलाही ते चांगलं आहे. नाकाशी उघडं इंटेक (हवा आत घेणारं तोंड), त्यात शंकू, लांब नळीसारखं धड आणि पातळ त्रिकोणी पंख, म्हणजे क्रम चुकवायच्या सगळ्या जागा एकाच विमानात मिळतात. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आहे. १:७२ च्या, म्हणजे बहात्तरपट लहान मॉडेलमध्ये तो १० सेंटिमीटरही भरत नाही, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा डोळ्यांना दिसते.

१. टेबलावर काय हवं

खर्च करायचाच तर तीन गोष्टींवर करा: सपाट पात्याचा स्प्रू कटर (स्प्रू म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेममध्ये येतात ती), पातळ प्रवाही मॉडेल सिमेंट आणि मॉडेलसाठीची पिवळी मास्किंग टेप. बाकीचं गल्लीतच मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातून ४००, ८००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर आणा. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातला नखं चमकवायचा बफर शेवटच्या पॉलिशला उत्तम चालतो. मेडिकलमधून एक सिरिंज आणि इंजेक्शनची बारीक, लांब सुई घ्या, आणि घरातला फेविकॉल काचेसाठी बाजूला काढून ठेवा.

मास्किंग टेप हार्डवेअरची वापरू नका. तिचा गोंद कडक असतो, कड जाड असते आणि ती निघताना खालचा रंग घेऊनच येते.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा पेन) नसला तरी अडत नाही. कॅनमधला प्रायमर आणि चांगला मऊ चपटा ब्रश यांवर पहिली तीन-चार विमानं व्यवस्थित होतात. एअरब्रश घ्यायचाच असेल तर ०.३ मिलिमीटर सुईचा घ्या.

रंगाचं घराणं सुरुवातीलाच ठरवा. टॅमियाचे अ‍ॅक्रिलिक त्यांच्याच थिनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ होतात. व्हॅलेहोसारख्या पाण्यातल्या रंगात अल्कोहोल घातलं तर रंग फाटून त्याच्या गुठळ्या होतात. एनॅमलला व्हाइट स्पिरिट लागतं. एका बाटलीचं थिनर दुसऱ्या बाटलीत जाता कामा नये.

> सावध: सिमेंट, लॅकर आणि स्प्रे वापरताना खिडक्या उघड्या हव्यात, तोंडावर वाफा अडवणारा मास्क हवा आणि आसपास गॅस पेटलेला नको. कापडी मास्क वाफा अडवत नाही.

२. आधी फोटो, मग पत्रकावर खुणा

कुठलं विमान करायचं ते खऱ्या फोटोवरून ठरवा. 'भारतीय मिग-२१' एवढं पुरेसं नाही. एफएलची कॅनपी (कॉकपिटवरची काच) पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, एकसंध. एम आणि बिसमध्ये पुढची काच पक्की आणि मागचा भाग उजवीकडे उघडणारा. पुढे आलेला लांब पिटो (वेग मोजायचा) दांडाही एफएलला नाकाच्या वर मधोमध असतो, नंतरच्या प्रकारांत तो उजवीकडे सरकलेला दिसतो. किट एका प्रकाराचं आणि डेकल दुसऱ्याचं असा घोळ खूप होतो, आणि तो लक्षात येतो शेवटच्या दिवशी.

आता पत्रक घ्या आणि दोन रंगांच्या पेन्सिली. जे भाग धड बंद करण्याआधी रंगवलेच पाहिजेत त्यांना लाल गोल करा: कॉकपिट, इंटेकची आतली भिंत, शंकू, मागची एक्झॉस्ट नळी, चाकांच्या खोबणी. जे सगळं रंगकाम संपल्यावरच लावायचे त्यांना निळा गोल: चाकं, त्यांचे पाय आणि दारं, पिटो, अँटेना, पायलॉन (पंखाखाली शस्त्रं लटकवायचे आधार), क्षेपणास्त्रं, उघडी ठेवायची असेल तर कॅनपी. गोल नसलेलं जे उरलं तेच आधी जोडायचं.

> तपासा: पंखांखाली पायलॉन किंवा इंधनटाकी लावणार असाल तर त्यांची भोकं पंखाच्या आतल्या बाजूने पाडावी लागतात. वरचा आणि खालचा पंख चिकटला की भोकाची जागा दिसतच नाही. पत्रकावर या जागी मोठी फुली मारा.

३. धुणं आणि कापणं

स्प्रूच्या फ्रेम कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग नंतर टेपबरोबर सोलून निघतो. धुताना सिंकच्या जाळीवर कापड टाका, बारीक भाग गळून वाहून जातात. पुसू नका, निथळू द्या.

भाग फ्रेममधून पिळून तोडायचा नाही. पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, दुसरा काप जवळ, आणि उरलेला टोकाचा गड्डा पात्याने खरवडून मग ८०० च्या पेपरवर. काचेच्या भागांना कटरचा दाब सोसत नाही, पांढरी चीर आत शिरते. ते बारीक करवतीने किंवा नव्या पात्याने हळूहळू ओढून सोडवा.

लागतील तेवढेच भाग कापा.

४. आतलं रंगकाम

कॉकपिट १:७२ मध्ये अंगठ्याच्या नखाएवढं असतं आणि कॅनपी बंद केली तर निम्मंच दिसतं. त्यावर आठवडा घालवू नका. नंतरच्या मिगच्या कॉकपिटला तो ओळखीचा निळसर-हिरवा रंग द्या, पॅनेल काळं करा आणि उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशाने फिका राखाडी फिरवा. सीटच्या पट्ट्या मास्किंग टेपच्या अर्धा मिलिमीटर कातरणांनी केल्या तरी नजर तिथेच जाते.

खरा वेळ इंटेकला द्या. पुढून बघणाऱ्याला सगळ्यात आधी तेच भोक दिसतं. आतली भिंत फिक्या राखाडी किंवा धातूच्या रंगात रंगवून पूर्ण वाळवा. शंकू वेगळा, काठीवर टोचून रंगवा. फोटोत तो हिरवा दिसतोय की राखाडी ते बघा. हिरवे शंकू आणि हिरवी शेपटीची टोकं मिगवर नेहमीची आहेत, पण सगळ्यांवर नाहीत.

जिथे सिमेंट लागणार त्या कडांवरचा रंग पात्याने खरवडून टाका. मॉडेल सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधा जोडतं. मध्ये रंगाचा थर असेल तर ते फक्त रंग विरघळवतं आणि सांधा आठवड्याभरात उघडतो.

५. नाकात वजन, मग धड बंद

ही पायरी विसरली तर परत फिरायला रस्ता नाही. माझं पहिलं मिग डेकल, वॉर्निश सगळं होऊन चाकांवर उभं केलं आणि ते शेपटीवर बसलं. पुढच्या चाकाखाली फेविकॉलचा थेंब देऊन ते पाटावर चिकटवावं लागलं आणि ते आजही उचलून दाखवता येत नाही.

वजनासाठी एअरगनचे छर्रे किंवा मासेमारीची शिशाची गोळी घ्या. जागा दोनच, शंकूच्या आत आणि कॉकपिटच्या तळाखाली. चिकटवायला दोन भागांचं इपॉक्सी वापरा. शिसं फेविकॉलने चिकटवू नका, त्यातल्या आम्लाने शिसं हळूहळू फुगतं आणि काही वर्षांनी सांधा फाकवतं. छर्रे हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा.

> तपासा: चिकटवण्याआधी धड, पंख आणि शेपटी टेपने तात्पुरती जोडा. मुख्य चाकं जिथे येणार त्या रेषेखाली पेन्सिल आडवी धरा आणि विमान तिच्यावर ठेवा. नाक ठामपणे खाली गेलं पाहिजे. डळमळत असेल तर आणखी दोन छर्रे घाला, काठावरच्या तोलावर भरवसा ठेवू नका.

धडाचे दोन भाग आधी कोरडेच जुळवून बघा. फट पडत असेल तर बहुतेक वेळा कॉकपिटचा तळ किंवा इंटेकची नळी अर्धा मिलिमीटर रुंद असते. बाहेरून दाबून बसवण्यापेक्षा आतून घासून बसवा. मग दोन्ही भाग घट्ट धरून सांध्याला पातळ सिमेंटचा ब्रश नुसता टेकवा, ते आपोआप फटीत धावतं. दहा-पंधरा सेकंदांनी हलका दाब दिला की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक माळ वर येते. ती पुसू नका, तीच पुढे पुटीचं (फट भरणाऱ्या लगद्याचं) काम करणार आहे. एकेका इंचाने पुढे सरका, टेप गुंडाळा आणि एक पूर्ण दिवस हात लावू नका.

> सावध: बोट सांध्यावर असताना सिमेंट धावलं तर बोटाखाली ओढलं जातं आणि ठसा प्लास्टिकमध्ये कोरला जातो. पकड सांध्यापासून लांब ठेवा.

६. पंख

मिगचे पंख सरळ आडवे नसतात, टोकं मुळापेक्षा किंचित खाली झुकलेली असतात, सुमारे २ अंश. डोळ्यांच्या अंदाजाने लावलं तर एक पंख खाली आणि दुसरा सपाट, असं हमखास होतं. आलेखाचा कागद टेबलावर चिकटवा, धड मधल्या रेषेवर दोन खोडरबरांमध्ये उभं करा, पंख लावा आणि समोरून डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघा. दोन्ही टोकांची उंची पट्टीने मोजा. वरून बघून दोन्ही टोकं आलेखाच्या एकाच आडव्या रेषेवर आहेत ना, तेही पाहा. सिमेंट पाच-सात मिनिटं जागा बदलू देतं, तेवढ्यात सुधारा. उभी शेपटी पंख पक्के झाल्यावर लावा.

७. सांधे घालवणं

घाईचा सगळ्यात मोठा दंड इथेच भरावा लागतो. सांधा वरून कोरडा दिसतो, पण वितळलेलं प्लास्टिक आतून अजून आकसत असतं. एक दिवसात घासून सपाट केलेला सांधा चौथ्या दिवशी रंगाखाली खळगीसारखा परत उमटतो. पुटी वापरली असेल तर दोन-तीन दिवस थांबा.

४०० ने फक्त उंचवटा उतरवा, मग ८००, मग १०००, आणि सगळं पाणी लावून. पेपर बोटावर गुंडाळला तर गोल धडावर सपाट पट्टा पडतो, म्हणून तो मऊ रबरावर किंवा स्पंजच्या तुकड्यावर धरा. मोठी फट असेल, समजा पंखाच्या मुळाशी, तर एम-सील ओल्या बोटाने भरून ओल्या कापसाने लगेच काठ पुसा. तिथे घासायला जागाच नसते.

घासताना सांध्यावरून जाणाऱ्या पॅनेल लाइन (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा) बुजतात. जाड लेबल टेप कडेला लावून सुईने दोन-तीन हलक्या फेऱ्यांत त्या परत कोरा. एका जोरात ओढली की सुई घसरते.

> तपासा: सांध्यावर चंदेरी रंगाचा पातळ हात मारा आणि दिव्याखाली तिरपं धरा. माझ्या अलीकडच्या मिगला कॉकपिटच्या मागे, पाठीच्या कण्यावर केसाएवढी रेघ निघाली. बोट फिरवून ती लागत नव्हती, पेपरवर दिसत नव्हती, चंदेरीवर मात्र काळ्या दोऱ्यासारखी उठून आली. पुटी, दोन दिवस, परत घासणं असं तीनदा केलं तेव्हा गेली.

८. काच आणि प्रायमर

काच सुपरग्लूने चिकटवू नका. त्याच्या वाफेने आतून पांढरं धुकं बसतं आणि ते पुसायला आत जाता येत नाही. मॉडेल सिमेंटचा थेंब पडला तर काच कायमची डागाळते. फेविकॉल टाचणीच्या टोकाने कडेला लावा. लावताना तो दुधासारखा पांढरा असतो, तासाभरात कडेपासून आत विरघळत गेल्यासारखा पारदर्शक होतो आणि बारीक फटही भरून काढतो. चुकलंच तर ओल्या ब्रशाने निघतो.

कॅनपी उघडी ठेवणार असाल तर कॉकपिट ओल्या टिश्यूने गच्च भरा. बंद असेल तर काचेवर टेप लावून चौकटीच्या रेघेत टूथपिकने दाबा, आणि कोऱ्या पात्याने त्या रेघेवरून फिरा. पातं जुनं असेल तर टेप फाटते. चौकटीवर पहिला हात कॉकपिटच्या रंगाचा द्या, म्हणजे काचेतून आत बघताना योग्य रंग दिसेल.

प्रायमर राखाडी घ्या. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, विमानापासून २०-२५ सेंटिमीटर धरा, स्प्रे विमानाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. दोन-तीन विरळ थर द्या. एकदाच झाकायचा प्रयत्न केला की पॅनेल लाइन भरतात.

९. रंग

पहिल्या विमानाला धातूची चकचकीत कातडी करू नका. त्यात प्रत्येक ओरखडा दिसतो. वर दोन रंगांचं कॅमोफ्लाज आणि खाली फिका रंग असलेलं विमान निवडा.

क्रम फिक्याकडून गडदाकडे. आधी पोटाचा रंग, तो वाळल्यावर पोट झाकून वरचा फिका रंग, मग गडद पट्टे. दोन रंगांमध्ये किमान एक दिवस सोडा. विमान नाकाजवळ धरून वास घ्या. रंगाचा वास येत असेल तर तो वाळलेला नाही, टेप लावायची नाही.

एअरब्रशसाठी रंग निरशा दुधाइतका पातळ हवा. वाटीच्या आतल्या कडेला तो चढवला तर हळूच, पातळ पडदा मागे ठेवत खाली उतरावा. हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, अंतर ५-८ सेंटिमीटर. पृष्ठभाग खडबडीत, पिठूळ झाला तर रंग हवेतच वाळतोय, म्हणजे जवळ जा किंवा थिनर वाढवा. कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर रंग फार पातळ आहे किंवा दाब जास्त आहे. ब्रशने करणारे तीन पातळ हात देतात, दुसरा हात पहिल्याला काटकोनात. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश परत नेऊ नका.

कॅमोफ्लाजच्या मऊ कडांसाठी भिंतीवर पोस्टर लावायच्या चिकट पुटीच्या सुरळ्या करून सीमारेषेवर ठेवा आणि वरून सरळ खाली फवारा. टेप काढताना ती स्वतःवर दुमडून, पृष्ठभागाला लागून ओढा.

> सावध, पावसाळ्यात: जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात हवा दमट असते. लॅकर किंवा स्प्रेचं वॉर्निश मारलं की ते दुधाळ पांढरं पडतं, कारण थिनर झपाट्याने उडताना थर गार होतो आणि हवेतलं पाणी त्यात अडकतं. पाऊस उघडलेल्या दुपारपर्यंत थांबा किंवा थिनरमध्ये थोडं रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घाला. पांढरं पडलंच तर लगेच घासू नका. रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा एक अगदी हलका फवारा बहुतेक वेळा ते परत पारदर्शक करतो.

१०. ग्लॉस आणि डेकल

मॅट रंग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. डेकलखाली त्या खड्ड्यांत हवा राहते आणि तीच चंदेरी दिसते. म्हणून आधी ग्लॉस वॉर्निशचे दोन थर द्या आणि एक दिवस थांबा. खिडकीचं प्रतिबिंब कडेसकट दिसलं पाहिजे.

डेकलच्या पत्रावर नको असलेलं एखादं डेकल असतंच, पहिलं ते भिजवा. तुकडे पडले तर पूर्ण पत्र जुनं आहे, त्यावर आधी वॉर्निशचा थर मारा. चांगलं असेल तर एकेक कापून कोमट पाण्यात १५-२० सेकंद बुडवा, मग ओल्या टिश्यूवर ठेवून ते आपोआप कागदावर सरकेपर्यंत वाट बघा. जागेवर सेटिंग लिक्विडचा (डेकल नीट बसवणाऱ्या द्रवाचा) थेंब, त्यावर डेकल सरकवणं, ब्रशाने जागा ठरवणं, आणि टिश्यूच्या टोकाने मधून कडेकडे पाणी टिपणं, असा क्रम. त्यानंतर मऊ करणारं लिक्विड. ते लावल्यावर डेकल सुरकुततं आणि नवी माणसं घाबरून बोट लावतात. तेव्हा ते साईसारखं मऊ असतं, बोट लावलं की फाटतं. तासाभराने ते पॅनेल लाइनमध्ये बसून ताणलेलं दिसतं.

आपल्या गोल खुणेत बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा. ही तिरंग्याची उजळणी अशासाठी, की दुसऱ्या देशाच्या किटमधली उलट्या क्रमाची खूण लावलेली मी पाहिली आहे. मिग-२१ च्या या एकआसनी प्रकारांच्या क्रमांकाची सुरुवात 'सी' अक्षराने होते. आकडे जमिनीला समांतर लावायचे की धडाच्या रेषेला, ते फोटोवर पट्टी ठेवून ठरवा.

दुसऱ्या दिवशी ओल्या कापडाने डेकलच्या गोंदाचे डाग पुसा आणि ग्लॉसचा आणखी एक थर द्या.

११. वॉश, मॅट आणि निळे गोल

पॅनेल लाइनसाठी एनॅमलचा वॉश (रेघांत उतरणारा अगदी पातळ रंग), तोही खालचा ग्लॉस अ‍ॅक्रिलिक किंवा लॅकरचा असेल तरच. एनॅमल ग्लॉसवर एनॅमल वॉश पुसायला गेलात तर व्हाइट स्पिरिट खालचा थरही उचलतं. शुद्ध काळा नको, गडद तपकिरी-राखाडी घ्या. रेघेला ब्रश टेकवा, अर्ध्या तासाने किंचित ओल्या कानकाडीने वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे पुसा. सगळ्या रेघा सारख्या काळ्या दिसल्या तर विमान जाळीत अडकल्यासारखं वाटतं. पंखांच्या हलत्या कडा गडद ठेवा, बाकीच्या पुसट.

वॉश दोन दिवस वाळला की मॅट वॉर्निश.

आता डबीतले निळे गोल. पाय आणि चाकं लावा, चाकांच्या चकत्यांना मिगचा तो झगझगीत हिरवा द्या. दोन्ही मुख्य पाय समोरून समांतर आहेत का ते सिमेंट ओलं असतानाच बघा. मग दारं, पायलॉन, क्षेपणास्त्रं, अँटेना. किटमधला पिटो जाड असतो आणि शर्टाच्या बाहीत अडकून तुटतो. त्याऐवजी इंजेक्शनची सुई योग्य लांबीला कापून, टोक फाइलने बोथट करून, सुपरग्लूने बसवा. काच तिथून लांब आहे, त्यामुळे धुक्याचा धोका नाही.

कॅनपीवरची टेप सगळ्यात शेवटी. कोपरा टूथपिकने उचला, पात्याने नको, आणि मागे कुठे गोंद राहिला असेल तर पाण्याने किंचित ओला केलेला कापूस फिरवा.